०.४५ मधून निसटणारे: मातीतले बुटके जिवाणू शोधायची माझी रीत

शनिवार हा आमच्या प्रयोगशाळेत जुन्या प्लेट्स, म्हणजे जिवाणू वाढवायच्या अगरच्या बशा, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) घालायचा दिवस. २०११ सालच्या एका शनिवारी त्या ढिगातून मी सहा प्लेट्स परत काढून घेतल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने त्यांच्या पाठीवर मार्करने ‘टाकू नका’ असं लिहिलं होतं, पण प्रयोगशाळेतल्या मामांना त्या कोऱ्याच दिसल्या. मलाही कोऱ्याच दिसल्या. खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरल्या, तेव्हा दोन प्लेट्सवर खसखशीच्या दाण्याहूनही लहान, दवासारखे पारदर्शक ठिपके दिसले. प्लेट्स लावून चोवीस दिवस झाले होते. आणि त्यांवर लावलेलं मातीचं पाणी होतं ०.४५ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून गाळून आलेलं, म्हणजे ज्यात एरवी आपण काही उरलं असेल अशी अपेक्षाच करत नाही.

तेव्हापासून मी जवळपास दरवर्षी एका तरी विद्यार्थ्याकडून हा प्रयोग करून घेते. महागडी उपकरणं लागत नाहीत. साधी प्रयोगशाळा, फिल्टरचं एक डबडं आणि दोन-अडीच महिने धीर एवढं असलं की पुरतं. कुठे कुठे फसायला होतं ते मात्र आधी माहीत असायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. वर्गात आपण दाखवतो तो ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू साधारण एक मायक्रॉन जाड आणि दोन मायक्रॉन लांब. मातीतल्या कितीतरी पेशींचा व्यास ०.३ मायक्रॉनच्याही आत असतो. १९७२ मध्ये अमेरिकेत बे, कोटा-रोबल्स आणि कॅसिडा यांनी मातीतल्या पेशी न वाढवता थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा असे बुटके जिवाणू त्यांना मोठ्या संख्येने दिसले. पुढे नॉर्वेत ओल्सेन आणि बाकेन यांनी १९८७ मध्ये मातीतल्या पेशी आकारानुसार वेगळ्या केल्या आणि त्यांतल्या किती प्लेटवर वाढतात ते मोजलं. ०.६ मायक्रॉनपेक्षा जाड पेशींपैकी शंभरात तीस-चाळीस वाढल्या. ०.४ पेक्षा बारीक पेशींपैकी हजारात दोनच्या आसपास. म्हणजे आपण पाच दिवसांत प्लेटवर मोजतो ते मातीतले धडधाकट, मोठे, खाऊन-पिऊन असलेले लोक. बाकीचं गाव मोजणीत येतच नाही.

इतकं लहान असण्याचा फायदा काय, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. गोल पेशी धरा. एक मायक्रॉन व्यासाला पृष्ठभाग आणि घनफळ यांचं गुणोत्तर ६ येतं, ०.३ मायक्रॉनला २०. मातीच्या पाण्यात विरघळलेलं अन्न अगदी थोडं असतं, तेव्हा पोट लहान आणि तोंड मोठं असलेला टिकतो.

माती

आमच्या दादाचं शेत मंगळवेढ्याच्या बाजूला आहे, काळी भारी जमीन, रब्बी ज्वारीची. मी दोनदा माती घेते: एकदा वैशाखात, भेगा पडलेल्या असताना, आणि एकदा पावसानंतर वाफसा आल्यावर. दोन्ही घ्याच. वैशाखातली माती महिनोन् महिने कोरडी आणि उपाशी असते, तर वाफशाच्या मातीत मुळांचा रस, कुजणारं पाचट, सगळं असतं. दोन्हींतून येणाऱ्या बुटक्यांची तुलना हाच या प्रयोगातला सगळ्यात रंजक भाग आहे.

वरचा दोन बोटं थर खुरप्याने बाजूला करा. खालची पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवरची माती उकळून घेतलेल्या चमच्याने नव्या प्लॅस्टिक पिशवीत भरा. मुळं, खडे, ढेकळं काढा, पण माती उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका. ओलावा काढायला वेगळी दहा ग्रॅम माती १०५ अंशांवर चोवीस तास ठेवा आणि वजनातला फरक लिहून ठेवा, नाहीतर दोन ऋतूंचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत. बाकीची माती त्याच दिवशी वापरा. अगदीच जमलं नाही तर एक रात्र फ्रीजमध्ये चालते.

माती सोडवणं आणि गाळणं

काळ्या मातीत खरी अडचण आहे चिकणमातीची. जिवाणू चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतात. नुसत्या सलाइनमध्ये माती हलवली तर पाणी लवकर निवळतं आणि बरं वाटतं, पण मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून तळाला जातात आणि जाताना जिवाणूही घेऊन जातात. म्हणून ०.१ टक्के सोडियम पायरोफॉस्फेट घ्यायचं, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून सामू सातवर आणायचा. दहा ग्रॅम माती नव्वद मि.लि. द्रावणात घालून अर्धा तास शेकरवर ठेवा. आता उलटा त्रास होतो. चिकणमाती सुटी होते आणि पाणी चहासारखं गढूळ राहतं. तो गढूळपणा सोसायचा. तासभर बाटली न हलवता ठेवा, गाळाचे जाड कण खाली बसतात. वरचं दहा मि.लि. पाणी पिपेटने अलगद उचला आणि नव्वद मि.लि. निर्जंतुक द्रावणात मिसळा. मगच गाळायला घ्या.

एकदम ०.४५ वर जाऊ नका, पहिल्या पाच मि.लि.त फिल्टर बुजतो. आधी व्हॉटमन नंबर १ हा गाळणकागद, मग ५ मायक्रॉन, मग ०.८, शेवटी ०.४५. सिरिंज वापरत असाल तर जोर लावू नका. अंगठा दुखायला लागला की फिल्टर बदला. जास्त दाब दिला तर लवचीक पेशी एरवी अडकल्या असत्या त्या भोकांतूनही दाबल्या जातात, आणि ‘हे लहान आहेत’ असं म्हणायला आधारच उरत नाही. सर्पिल, बारीक आणि लांब जिवाणूही फिल्टरमधून सुईसारखे निघून जातात. ते बुटके नव्हेत, सडपातळ आहेत. त्यांची नोंद वेगळी ठेवा.

फिल्टरच्या खोक्यावर ०.४५ लिहिलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. त्याच खोक्यातला एक फिल्टर घेऊन त्यातून सेरेशिया मार्सेसेन्स या लाल रंगाच्या जिवाणूचं चोवीस तासांचं ताजं कल्चर (वाढवलेले जिवाणू असलेलं द्रावण) गाळा आणि खालचं पाणी पूर्ण ताकदीच्या न्यूट्रिएंट अगरवर लावून २८ अंशांवर ठेवा. ३७ वर ठेवलं तर त्याचा लाल रंग धड येत नाही. लाल कॉलनी (वाढलेल्या पेशींचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) दिसली तर फिल्टर फुटका आहे किंवा होल्डर नीट बसलेला नाही. हा जिवाणू अशक्त माणसाला बाधू शकतो, तेव्हा हातमोजे घाला आणि हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांना देऊ नका.

गाळलेल्या पाण्याचं तीन प्रकारे काम करते. ०.१ मि.लि. थेट सहा प्लेट्सवर पसरते. वीस मि.लि. पाणी ०.२२ च्या मेम्ब्रेनमधून (चकतीसारख्या पातळ फिल्टरमधून) ओढून ती मेम्ब्रेन पेशींची बाजू वर ठेवून प्लेटवर आंथरते. ०.४५ मधून निसटलेले पण ०.२२ वर अडलेले त्यावर सापडतात. आणि ०.२२ च्याही खालचं पाणी दोन प्लेट्सवर लावते.

आमची पुष्कळ मुलं पुढे औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जातात, म्हणून इथे त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. एकेकाळी ०.४५ चा फिल्टर द्रव निर्जंतुक करायला पुरेसा मानला जात असे. १९६० च्या दशकात गाळलेल्या द्रवात एक छोटा जिवाणू सापडला, आज त्याला ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्यूटा म्हणतात. तेव्हापासून ०.२२ चे फिल्टर रूढ झाले, आणि त्यांची परीक्षा आजही याच जिवाणूने होते: दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी पेशी ओतायच्या, खाली एकही उतरता कामा नये.

यातूनच या प्रयोगाचा एक नियम निघतो. इथे लागणारं कुठलंही पाणी किंवा द्रावण गाळून निर्जंतुक करू नका, ऑटोक्लेव्हच करा. ज्यांना शोधतो आहोत ते फिल्टरला दाद देत नाहीत, म्हणून तर हा खटाटोप.

अन्न कमी

न्यूट्रिएंट ब्रॉथ, म्हणजे जिवाणूंचं नेहमीचं पातळ खाद्य, शंभरपट पातळ करायचं. तराजूवर ०.१३ ग्रॅम तोलायच्या भानगडीत पडू नका. नेहमीच्या ताकदीचं ब्रॉथ करा आणि त्यातलं दहा मि.लि. लिटरभर पाण्यात घाला. अगर दीड टक्का, आणि ते आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुऊन घेतलेलं. सामू मातीच्या सामूइतका ठेवा, आमच्या मातीला आठच्या आसपास. तयार माध्यमच (जिवाणू वाढवायचं खाद्य) हवं असेल तर आर-टू-ए नावाचं चालतं. ते १९८५ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या जिवाणूंसाठी बनवलं गेलं, पण मातीतल्या अल्पाहारींनाही मानवतं.

माध्यमात फॉस्फेट घालणार असाल तर ते आणि अगर वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्ह करून नंतर एकत्र करा. दोन्ही एकत्र तापवले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू त्याने मरतात. जपानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. एक फ्लास्क जास्त धुवावा लागतो एवढंच, पण कॉलन्यांच्या संख्येत फरक पडतो.

प्लेटमध्ये नेहमीपेक्षा जाड थर ओता, तीस मि.लि. तरी. पातळ थर सोलापूरकडच्या हवेत तीन आठवड्यांत पापडासारखा होतो. प्लेट्स पॅराफिल्मने (मेणासारख्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीने) बंद करून स्टीलच्या डब्यात ठेवा, डब्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवा, आणि डबा २५ ते २८ अंशांवर बीओडी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे थंडही करणाऱ्या कपाटात. उन्हाळ्यात इथे खोलीचं तापमान चाळिशी ओलांडतं, त्यामुळे नुसत्या कपाटात ठेवून चालणार नाही.

कमीत कमी सहा आठवडे, जमल्यास बारा. दर आठवड्याला प्लेटच्या पाठीवर नव्या कॉलन्यांभोवती वेगळ्या रंगाच्या मार्करने गोल करा. पहिल्या आठवड्यात आलेल्यांना निळा, दुसऱ्याला हिरवा, असं. शेवटी प्लेट पाहिली की कोण केव्हा आलं ते एका नजरेत कळतं.

आणि कोऱ्या प्लेट्स! निर्जंतुक पायरोफॉस्फेट तशाच चार फिल्टरांतून, त्याच क्रमाने गाळून तीन प्लेट्सवर लावा आणि त्याही बारा आठवडे सांभाळा. यावर मी अडून बसते. ज्या विद्यार्थ्याने कोऱ्या प्लेट्स लावल्या नाहीत त्याच्या बाकीच्या प्लेट्स मी पाहत नाही. बुरशीनेही इथे मदत होते: बुरशीचे बीजाणू ०.४५ मधून जाऊच शकत नाहीत, तेव्हा गाळलेल्या पाण्याच्या प्लेटवर बुरशी उगवली तर ती हवेतून आली किंवा गळती आहे. दोन्हीपैकी काहीही असो, ती प्लेट बाद.

सूक्ष्मदर्शकाखाली

पहिल्या वर्षी मी गाळलेल्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेतला, क्रिस्टल व्हायोलेट लावलं, शंभराच्या ऑइल लेन्सखाली पाहिलं आणि माझं काळीज लकाकलं. बारीक बारीक जांभळे ठिपके, शेकडो, थरथरत होते. मी सगळ्या विभागाला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मातीच नसलेल्या नुसत्या पाण्याची स्लाइड केली, तर तिच्यावरही जांभळे ठिपके होते. काही रंगाचे स्फटिक होते. काही आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये वाढून ऑटोक्लेव्हमध्ये मेलेले जिवाणू असावेत. मेलेली पेशी प्लेटवर उगवत नाही, पण रंग घेते. आणि मातीच्या थेंबातलं ते थरथरणं चिकणमातीच्या कणांचंही असतं. पाण्याचे रेणू धक्के देतात म्हणून इतका लहान कोणताही कण नाचतो, जिवंत असो वा नसो. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. कोरी स्लाइड आधी पाहायची ही सवय तेव्हा लागली.

म्हणून क्रम असा. रंग गाळून घ्या. कोऱ्या पाण्याची स्लाइड पाहा, ठिपके मोजा. मग नमुना पाहा. हालचाल पाहताना एकाच कणावर मिनिटभर नजर ठेवा. नाचणारा कण जागच्या जागी घुटमळतो, पोहणारा जिवाणू एका दिशेने काही अंतर कापतो. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर पेशी गोळा करून ॲक्रिडीन ऑरेंज लावा, चिकणमाती बरीचशी अंधारात राहते आणि पेशी उजळतात. हा रंग आनुवंशिक द्रव्याला चिकटतो, हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

मोजमापाची मर्यादाही समजून घ्या. हिरवा उजेड ०.५५ मायक्रॉनचा आणि लेन्सचं न्यूमेरिकल ॲपर्चर (लेन्स किती उजेड गोळा करते त्याचं माप) १.२५ धरलं तर दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण ०.२७ मायक्रॉन अंतर लागतं. ०.३ मायक्रॉनची पेशी ‘आहे’ एवढंच कळतं, तिचा आकार प्रामाणिकपणे सांगता येत नाही. त्यात स्लाइड वाळवून ज्योतीवर धरली की पेशी आक्रसते, आणि फ्लुरोसन्समध्ये उजेडाच्या वलयामुळे ती फुगलेली भासते. ओल्या थेंबातच मोजा, स्टेज मायक्रोमीटरने (बारीक खुणा कोरलेल्या काचपट्टीने) रोज तपासा, किमान पन्नास पेशी मोजा. अहवालात ‘०.२८७ मायक्रॉन’ असं लिहू नका. ‘०.४ च्या आत’ लिहिलं तरी ते खरं असतं.

उपाशी की मुळातच लहान

इथपर्यंत आलात तर तुमच्याकडे फिल्टरमधून निसटून प्लेटवर वाढलेली कॉलनी आहे. आता खरा प्रश्न. ही पेशी भुकेने आटलेली होती, की जातीनेच बुटकी आहे?

भुकेने जिवाणू आटतात हे पक्कं आहे. १९७६ मध्ये नोवित्स्की आणि मोरिता यांनी समुद्रातला व्हिब्रिओ नावाचा एक जिवाणू उपाशी ठेवला. तो इतका लहान झाला की ०.४ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाऊ लागला, आणि खाऊ घातल्यावर पुन्हा मोठा झाला. मातीत आर्थ्रोबॅक्टरची गोष्ट तर रोजची. वाढताना तो काडीसारखा लांब असतो, अन्न संपलं की लहान गोळा होतो. आमच्या वैशाखातल्या मातीत जे निसटतात त्यांतले बरेचसे असेच निघतात.

परीक्षा सोपी आहे. एकाच कॉलनीतून तीन नळ्यांना लावा: ब्रॉथ शंभरपट पातळ, दहापट पातळ, आणि पूर्ण ताकदीचं. २८ अंशांवर ठेवा. दुसऱ्या, पाचव्या आणि पंधराव्या दिवशी ओला थेंब पाहा. आर्थ्रोबॅक्टर असेल तर दुसऱ्या दिवशी दृश्य पाहण्यासारखं असतं: गोळ्यांना कोंब फुटल्यासारख्या काड्या निघतात, दुभंगताना एका बाजूने मोडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन करतात, आणि पंधराव्या दिवशी परत सगळे गोळे. तो आटलेला होता. खाऊनही, वाढ जोरात असतानाही घनफळ ०.१ घन मायक्रॉनच्या आत राहिलं तरच त्याला अल्ट्रामायक्रोबॅक्टेरियम, म्हणजे जातीनेच बुटका जिवाणू, म्हणा. तिसराही प्रकार येतो: पातळ ब्रॉथमध्ये वाढतो आणि पूर्ण ताकदीच्या ब्रॉथमध्ये उगवतच नाही. त्याला जास्त अन्नच सोसत नाही.

गाळण्याच्या रीतीत एक उणीव आहे. ती फक्त ‘आज लहान असलेल्यांना’ पकडते. पीटर यान्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये इटलीतल्या भातखाचराच्या मातीतून बुटके जिवाणू काढले तेव्हा फिल्टर वापरला नाही. माती पातळ करत करत अशा टोकाला नेली की एखाद-दुसरीच पेशी नळीत उरावी, आणि तीही प्राणवायूविना वाढवली. संख्येने जो सगळ्यात जास्त तो शेवटच्या नळीत उरतो. तिथे व्हेरुकोमायक्रोबिया या गटातले, खाऊनही लहानच राहणारे जिवाणू निघाले. कोकणातल्या ज्यांच्याकडे भातखाचरं आहेत आणि प्राणवायू काढून टाकायची सोय आहे, त्यांनी हीच वाट धरावी. आणि जे सगळ्यात लहान, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथे भूजल ०.२ मायक्रॉनमधून गाळून २०१५ मध्ये पाहिले गेले तसे, त्यांच्या जनुकांवरून बऱ्याच जणांचा निर्वाह दुसऱ्या जिवाणूंच्या आधाराने होत असावा असं दिसतं. ते या प्लेटवर एकटे येतील अशी आशा धरू नका.

२०११ च्या त्या दोन प्लेट्सवर मिळून नऊ ठिपके होते. सहा खाऊ घातल्यावर फुगले. दोन दुसऱ्यांदा लावल्यावर उगवलेच नाहीत. एक आजही लहान आहे. मी त्याची जपणूक शंभरपट पातळ अगरच्या तिरक्या नळ्यांत करते, दर तीन महिन्यांनी नव्या नळीत, आणि वीस टक्के ग्लिसरॉलमधल्या चार बाटल्या फ्रीझरमध्ये. एकदा सुट्टीच्या दिवसांत कोणीतरी भल्या मनाने त्याला पूर्ण ताकदीच्या न्यूट्रिएंट अगरवर लावलं. त्या नळीत काही उगवलं नाही. तेव्हापासून प्रत्येक नळीवर नाव आणि तारखेखाली एक ओळ असते: ‘याला जास्त खायला घालू नये.’